ओ-आर की ई-आर?

हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वाद मेसच्या भाजीवरून होतात. पण सबमिशनच्या आठवड्यात पहिला नंबर स्पेलिंगचा!

माझी रूममेट अकोले तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मशीन्समध्ये तिचा हात धरणारं कुणी नाही. पण जर्नल लिहिताना हळूच विचारते, 'कपॅसिटरच्या शेवटी काय गं?' आणि कुणी हसलं की व्हायव्हातसुद्धा गप्प बसते. उत्तर येत असून! मी कॉन्व्हेंटची, म्हणून सगळे मला विचारतात. खरं सांगू? आम्हीही नुसती पाठच केली. कारण कुणी सांगितलंच नाही.

घोळ आपल्या कानाचा आहे. देवनागरीत आपण जवळजवळ ऐकू येतं तसं लिहितो. मास्टर आणि डॉक्टर, दोन्हीकडे 'टर'. इंग्रजीत एकाला ई-आर, दुसऱ्याला ओ-आर, आणि उच्चार तोच! कारण तिथे शेपूट शब्दाचं कूळ बघून लागतं. हीट, वॉश, ग्राइंड ही अस्सल इंग्रजी क्रियापदं, त्यांना ई-आर. लॅटिन घराण्यातल्यांना बरेचदा ओ-आर. सोपी खूण म्हणजे जनरेट, इन्सुलेट, कॅल्क्युलेट अशी 'एट' शेवटी असणारी क्रियापदं: बहुतेक वेळा ओ-आर. कॉम्प्युटर आणि ट्रान्सफॉर्मर मात्र लॅटिन कुळातले असून ई-आर घेऊन बसलेत. कन्व्हर्टर तर दोन्ही प्रकारे चालतो, त्यावर भांडू नका.

'ट्रान्सफर्ड'मध्ये दोन आर, 'ऑफर्ड'मध्ये एकच, हे असंच दुसरं कोडं. ट्रान्सफर म्हणताना जोर शेवटी येतो, म्हणून आर दुप्पट. ऑफरमध्ये जोर सुरुवातीला, म्हणून एकच. मराठीत असा जोर देऊन अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्याला तो ऐकूच येत नाही.

मुळात इंग्रजीत लिहिणं आणि बोलणं यांची फारकत जुनी. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना काढला. पुढे छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेली आणि उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, यातला के पूर्वी खरंच उच्चारत. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला बी तर विद्वानांनी लॅटिनवरून मागाहून घुसवला!

आपणही काही कमी नाही. १९६२ च्या नियमांनी 'कवि'चा 'कवी' केला, पण 'कविता' ऱ्हस्वच राहिली. आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव २०११ च्या जनगणनेत एमनंतर ए घालून छापलंय, बाकी बहुतेक ठिकाणी ई. २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं आणि तो वाद मिटला.

आता रिपोर्टवाल्यांसाठी. 'कलर'मधला यू वेबस्टरने १८२८ च्या आपल्या अमेरिकन डिक्शनरीत गाळला. त्यामुळे वर्डमध्ये भाषा अमेरिकन असेल, तर आपल्या शाळेतल्या बरोबर स्पेलिंगखालीही लाल रेघ येते. टायपिंगला बसण्याआधी भाषा निवडा, आणि अख्ख्या ग्रुपने एकच निवडा. अर्धा रिपोर्ट ब्रिटिश, अर्धा अमेरिकन, यावर गाइड मार्क कापतात.