मालमोटारीच्या टर्बोचार्जरची वंगणव्यवस्था : पुरवठा व परतीच्या नळीचे विवेचन

प्रस्तावना :

इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या शक्तीवर चक्र फिरवून त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने इंजिनाला अधिक हवा पुरवावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली पेटंटद्वारे मांडली. आज मालमोटारींच्या डिझेल इंजिनांत टर्बोचार्जर सार्वत्रिक झाला आहे. तथापि तो निकामी झाल्यावर गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान केले जाते : ‘टर्बोचे सील गेले.’ मालक नवा टर्बो बसवितो. काही दिवसांत पुन्हा निळा धूर दिसू लागतो. एका ट्रकवर संसार चालविणाऱ्या मालकाला हा दुहेरी खर्च पेलणारा नसतो. अशा अनेक प्रसंगी दोष टर्बोमध्ये नसून त्याला जोडलेल्या नळ्यांमध्ये, विशेषतः परतीच्या नळीमध्ये असतो. त्यामागील कारणमीमांसा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

टर्बोला तेलाची गरज :

टर्बोचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. इतक्या वेगात धातूवर धातू घासला तर बेअरिंग अल्पावधीत नष्ट होईल. म्हणून मालमोटारींच्या टर्बोमध्ये सामान्यतः तरंगते बुश वापरतात. बुशच्या आत आणि बाहेर तेलाचा पातळ थर असतो व आस त्या थरावर फिरतो. हेच तेल टर्बाइनकडून येणारी उष्णताही वाहून नेते. थोडक्यात, तेल येथे वंगण व शीतक अशी दोन्ही कार्ये करते.

उदाहरणादाखल कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे ‘बी’ मालिकेतील इंजिन घेता येईल. अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या ट्रकमध्ये ते वापरले गेले. भारतात १९९३ साली स्थापन झालेल्या जमशेदपूर येथील टाटा कमिन्समुळे ते टाटांच्या मालमोटारींत रूढ झाले. या इंजिनात ऑईल फिल्टरच्या माथ्यावरून निघालेली बारीक नळी टर्बोच्या मधल्या भागात वरून तेल सोडते. खालून निघालेली जाड नळी ते तेल इंजिनाच्या ब्लॉकमध्ये परत नेते व तेथून ते चेंबरमध्ये उतरते.

दोन नळ्या, दोन नियम :

पुरवठ्याच्या नळीमागे ऑईल पंपाचा दाब असतो. तो ३०० किलोपास्कल आहे असे धरले, तर सुमारे ३६ मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ तोलून धरण्याचे सामर्थ्य त्यात असते. त्यामुळे ही नळी बारीक असली, वळणे घेत गेली, तरी चालते. परतीच्या नळीमागे मात्र कोणताही पंप नसतो. तेथे तेल केवळ स्वतःच्या वजनाने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने खाली येते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या आसामुळे आणि झिरपणाऱ्या वायूंमुळे त्याचा फेस झालेला असतो. फेसाळ तेल अधिक जागा व्यापते व सावकाश वाहते. म्हणूनच परतीची नळी पुष्कळ रुंद ठेवतात. पुरवठ्याच्या नळीचा अंतर्व्यास ५ मि.मी. व परतीच्या नळीचा १९ मि.मी. मानला, तर क्षेत्रफळ सुमारे १४ पट होते.

आता क्रँककेसमधील दाबाचा विचार करू. पिस्टनच्या रिंगांजवळून निसटलेले वायू क्रँककेसमध्ये येतात व ब्रीदरवाटे बाहेर पडतात. ब्रीदर तुंबला आणि आतील दाब बाहेरच्यापेक्षा केवळ १ किलोपास्कलने वाढला, असे समजू. तेलाची सापेक्ष घनता ०.८५ धरल्यास हा दाब परतीच्या नळीत सुमारे १२ सें.मी. उंचीचा तेलाचा स्तंभ अडवून धरतो. फेसामुळे घनता निम्मी झाली, तर हीच उंची २४ सें.मी. होते. टर्बो व ब्लॉक यांतील उंचीचा फरक इतपतच असेल, तर तेल टर्बोच्या पोटातच साचू लागते. पुरवठ्याच्या दृष्टीने नगण्य असलेला दाब परतीचा मार्ग असा बंद करू शकतो.

‘सील गेले’ या निदानातील उणीव :

टर्बोच्या आसावरील सील पाण्याच्या पंपातील रबरी सीलसारखे नसते. ते पिस्टनच्या रिंगेसारखे बारीक धातूचे कडे असते. चालू स्थितीत चक्रांमागील वायूचा दाब मधल्या भागापेक्षा अधिक असल्याने तेल आतच राहते. साचलेल्या तेलाला रोखून धरणे हे या कड्याचे कार्यच नव्हे. परतीचा मार्ग अडला की नवे कोरे सीलही गळणार. एअर फिल्टर तुंबल्यास कॉम्प्रेसरच्या बाजूस शोषण वाढून तेल हवेच्या मार्गात ओढले जाते, हेही येथे लक्षात घ्यावे.

याचा सर्वांत गंभीर परिणाम सुरक्षिततेशी निगडित आहे. हवेच्या मार्गात आलेले तेल डिझेल इंजिन इंधन म्हणून जाळू शकते. अशा वेळी डिझेल तोडूनही इंजिन थांबत नाही. त्याचा वेग अनावर वाढतो आणि हवा बंद करणे हाच उपाय उरतो.

नळ्या बसविताना घ्यावयाची दक्षता :

१) टर्बोचे तेल आत येण्याचे तोंड वर व बाहेर जाण्याचे तोंड खाली असावे, उभ्या रेषेपासूनचा कल सर्वसाधारणपणे ३५ अंशांपलीकडे जाऊ नये.

२) परतीची नळी सतत उताराची असावी. मध्ये खोलगट भाग, तीव्र वळण किंवा दबलेला होज नसावा. तिचे खालचे तोंड चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर उघडावे.

३) गॅस्केटचे छिद्र तोंडाशी तंतोतंत जुळावे. चिकट सीलंट लावू नये. दाबाने आत आलेला सीलंट मार्ग अडवितो आणि त्याचा सुटलेला तुकडा पुरवठ्याच्या बाजूस बेअरिंगचा घात करतो.

४) टर्बो बदलताना पुरवठ्याची नळी नवी घ्यावी, कारण उष्णतेने जळालेल्या तेलाचा कोळसा आतून धुऊन निघेलच याची शाश्वती नसते. बँजो बोल्टचे कॉपर वॉशरही नवे वापरावेत.

५) इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत स्वच्छ तेल ओतून आस हाताने फिरवावा.

६) चढ किंवा जड वाहतुकीनंतर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद गतीवर ठेवून मगच बंद करावे, अन्यथा स्थिर झालेले तेल तप्त आसावर जळते. मात्र इंजिन तासन्‌तास मंद गतीवर ठेवणेही अयोग्य, कारण तेव्हा सीलमागील वायूचा दाब अपुरा पडतो.

समारोप :

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम निश्चित करता येतो : प्रथम एअर फिल्टर, नंतर ब्रीदर, त्यानंतर परतीची नळी, मग पुरवठ्याची नळी आणि सर्वांत शेवटी टर्बो. पहिल्या तीन तपासण्यांना वेळ लागतो, पण खर्च नगण्य असतो. प्रत्यक्षात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. आपल्या व्यवसाय अभ्यासक्रमांत टर्बोचे सुटे भाग शिकविले जातात. त्यासोबत तेलाचा संपूर्ण प्रवास शिकविला गेला पाहिजे. द्रवस्तंभाच्या दाबाचे जे सूत्र विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या वर्गात पाठ करतो, तेच गॅरेजमध्ये एखाद्या ट्रकमालकाचा दुसऱ्या टर्बोचा खर्च वाचवू शकते, याची जाणीव त्याला करून देणे हे अध्यापकांचे कार्य आहे.