नेरुळचं एक दुकान आणि साडेतीनशे एकर फरशी

२०२३-२४ या एका आर्थिक वर्षात डीमार्टच्या दुकानांतून ३०.३ कोटी बिलं निघाली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत राज्यातल्या प्रत्येकाच्या नावे अडीचांहून जास्त बिलं. दिवसाला सव्वाआठ लाख. दुकान चौदा तास उघडं असतं असं धरलं तर मिनिटाला हजाराच्या आसपास. प्रत्येक बिलाची पट्टी पंचवीस सेंटिमीटरची धरून सगळ्या पट्ट्या एकापुढे एक जोडल्या, तर विषुववृत्ताला जवळजवळ दोन वेढे बसतील.

यातल्या सरासरी बिलाची रक्कम साधारण १,६३४ रुपये. सगळे खर्च आणि कर वजा जाता त्यातले कंपनीकडे उरले ८९ रुपये.

हे आकडे वाचून माणसाच्या मनात दोनांपैकी एक विचार येतो. एक, हे आपल्या आवाक्यातलं नाही. दुसरा, हे तर डाळ-तांदूळ विकतात, मग आपण का नाही? दुसरा विचार मला जास्त जवळचा वाटतो, आणि त्याचीच मला काळजीही वाटते. कारण या विचारापायी घर गहाण टाकणारी माणसं आपल्या अवतीभवती असतात. त्यांना ‘जमणार नाही’ म्हणून उडवून लावणं उद्धटपणाचं होईल आणि ‘जिद्द असेल तर सगळं जमतं’ म्हणणं क्रूरपणाचं. त्यांच्याबरोबर बसून हिशेब मांडणं एवढंच आपल्या हातात आहे.

हा हिशेब नवी मुंबईतूनच सुरू करायला हवा. डीमार्टचे राधाकिशन दमाणी यांनी आपलं पहिलं दुकान २००२ साली पवईत उघडलं, पण किराणा विकण्याचा धडा त्यांनी त्याआधी नेरुळला गिरवला होता. १९९९ साली त्यांनी तिथे अपना बाजारची फ्रँचायझी घेतली. शेअर बाजारात नाव आणि पैसा दोन्ही कमावलेला हा माणूस नवी मुंबईच्या एका उपनगरात दुसऱ्याच्या पाटीखाली वाणसामान विकत होता. त्यांच्याबरोबर होते दामोदर मॉल, हिंदुस्तान लिव्हरमधून आलेले. म्हणजे दुसऱ्याचं यश उचलून आपल्या जागी रुजतं का, हा प्रयोग खुद्द दमाणींनीच करून पाहिला होता.

अपना बाजार हे त्या काळी उचलण्याजोगंच यश होतं. १९४८ साली मुंबईच्या नायगावात, गिरणगावाच्या कुशीत ही ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. टंचाई, रेशन, भेसळ आणि वाण्याची उधारी यांत पिचलेल्या कामगाराला चोख मापाचा माल वाजवी भावात मिळावा, हा हेतू. सभासद, त्यांचं भागभांडवल आणि वस्तीचा विश्वास यांवर ती वाढली. मुंबईतल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांचा महिन्याचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच आला. पण फ्रँचायझीबरोबर पाटी येते, मालाची यादी येते, पद्धत येते. वस्तीत पन्नास वर्षांत कमावलेला विश्वास कोणत्या करारात लिहून देणार? दमाणींना ते मॉडेल पटलं नाही. त्यांनी ते सोडलं आणि स्वतःचं काढलं.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. नेरुळहून चार-पाच किलोमीटरवर तुर्भ्याला एपीएमसी आहे. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, दाणा अशा पाच बाजारांचं ते एक गावच आहे. तूरडाळ आज काय भावाने निघाली हे तिथे कुणीही विचारू शकतो. या धंद्यात भाव गुपित नाही, माल गुपित नाही, गिऱ्हाईकही गुपित नाही. डीमार्टचं दुकान तर कुणीही आत जाऊन फळी न्‌ फळी पाहून यावं. जाहिरातींचा मारा नाही, झगमगाट नाही, मॉलमधली महागडी जागा नाही, रोज कमी भाव. सगळं उघड्यावर आहे. मग नक्कल अडते कुठे?

अडते ती आकड्यांत. त्यातले तीन मी इथे मांडतो.

पहिला जागेचा. मार्च २०२४ अखेर डीमार्टची ३६५ दुकानं होती आणि विक्रीची जागा सुमारे १.५१ कोटी चौरस फूट. एकरांत मोजली तर साडेतीनशेच्या घरात, म्हणजे सरासरी दुकान जवळजवळ एक एकर फरशीचं. त्या वर्षी चौरस फुटाला सरासरी विक्री झाली ३२,९४१ रुपयांची. आता नेरुळच्या एखाद्या सेक्टरमधला ४०० फुटांचा गाळा घ्या. डीमार्टच्या तोडीची विक्री करायची तर तिथे वर्षाला सव्वा कोटीहून जास्त, रोज ३६ हजारांचा गल्ला जमायला हवा, सणासुदीला आणि ऐन पावसातही. जमला असं धरू. डीमार्टच्या दराने त्यातून नफा राहील १,९५८ रुपये.

आता भाडं. डीमार्टच्या बहुतेक जागा एकतर मालकीच्या आहेत किंवा फार लांब मुदतीच्या पट्ट्याने घेतलेल्या, त्यामुळे वर आलेल्या नफ्यावर भाड्याचा भार जवळजवळ नाहीच. तो नफा चौरस फुटावर वाटला तर महिन्याला येतात साधारण १५० रुपये. तुमच्या गाळ्याचं भाडं फुटाला महिना दीडशे असेल, तर डीमार्टइतकीच विक्री, डीमार्टइतकेच भाव आणि डीमार्टइतकीच काटकसर साधूनही महिनाअखेरीस हातात शून्य. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. एवढं सगळं जसंच्या तसं जमवूनही शून्य! दुकानदार आळशी होता म्हणून नव्हे, त्याला धंदा कळत नव्हता म्हणूनही नव्हे. जागा दुसऱ्याची होती, बस्स.

दुसरा आकडा उधारीचा, आणि माझ्या मते सगळ्यात चकित करणारा. किराणा विकणारे पुरवठादाराचे पैसे जमेल तितके लांबवतात. पंधरा दिवस, महिना, कधी त्याहूनही जास्त. डीमार्ट साधारण आठवडाभरात पैसे चुकते करतं. पुरवठादार खूश, म्हणून सूट जास्त, म्हणून भाव कमी, म्हणून मालाचा उठाव जास्त. धंद्याच्या पुस्तकांत हे चक्र दोन ओळींत सांगून मोकळे होतात. त्याची किंमत मात्र कुणी सांगत नाही. २०२३-२४ची विक्री ४९,५३३ कोटी, म्हणजे रोजची १३५ कोटी. त्यातला ८५ टक्के भाग मालाचा धरला तर रोज ११५ कोटींची खरेदी. महिन्याने द्यायचे पैसे आठ दिवसांत द्यायचे म्हणजे बावीस दिवस आधी. बावीस गुणिले एकशेपंधरा म्हणजे २,५३० कोटी रुपये. एवढं फिरतं भांडवल निव्वळ या एका सवयीपायी गुंतलेलं. आणि त्या वर्षीचा कंपनीचा निव्वळ नफा होता २,६९५ कोटी. ‘पैसे वेळेवर द्या’ ही शिकवण फुकट मिळते. पण ती याच मापाने पाळायची, तर जवळजवळ वर्षभराचा नफा कायमचा बाजूला काढून ठेवण्याची ऐपत लागते. दमाणी या धंद्यात उतरले ते शेअर बाजारात कमावलेला स्वतःचा पैसा घेऊन. हप्त्यासाठी महिन्याच्या पाच तारखेला कुणी बँकवाला त्यांच्या दारात उभा नव्हता.

तिसरा आकडा वर्षांचा. २००२ साली एक दुकान, २०१० साली पंचवीस. आठ वर्षांत चोवीस दुकानं वाढली, म्हणजे चार महिन्यांना एक. त्याच काळात चेन्नईहून ‘सुभिक्षा’ निघाली होती. १९९७ साली आर. सुब्रमण्यन यांनी सुरू केलेली ही साखळी स्वस्त किराणा, औषधं आणि मोबाइल विकायची. २००६च्या सुमारास तिची दीडशेच्या आसपास दुकानं होती, २००८ संपता संपता सोळाशेच्या आसपास. दुकानं लहान होती हे खरं, पण वेग पाहा. अडीच वर्षांत साडेचौदाशे, रोज दीडाहून जास्त. डीमार्टला ज्या चोवीस दुकानांसाठी आठ वर्षं लागली, तेवढी सुभिक्षा जेमतेम पंधरा दिवसांत उघडत होती. आणि २००९ उजाडताना रोख संपली. पगार थकले, पुरवठादार थांबले, शटर खाली आली. किशोर बियाणींचा बिग बाजार २००१ साली, डीमार्टच्या आधी, सुरू झाला. गर्दी खेचण्यात त्याचा हात कुणी धरू शकला नाही. पण कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०२२ साली बिग बाजार चालवणारी फ्यूचर रिटेल ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. स्वस्त भाव ही कल्पना तिघांकडेही होती.

याउलट डीमार्टची दुकानं मार्च २०१७ला, कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा, १३१ होती. पुढच्या सात वर्षांत त्यांत आणखी २३४ची भर पडली. बाहेरून पाहणाऱ्याला ही सात वर्षं दिसतात. आधीच्या पंधरा वर्षांत बातमी होण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

यश उचलण्याचा आणखी एक मार्ग लोकांना फार सोपा वाटतो. दुकान काढता येत नाही, तर निदान शेअर घेऊ. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला हा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर बंद झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ५,९०० च्या आसपास पोहोचला. त्या उंचीवर घेणाऱ्याने धंदा अचूक ओळखला होता. २०२०-२१ ते २०२३-२४ या तीन वर्षांत कंपनीचा नफा दुपटीहून वाढला. आणि मार्च २०२४ मध्ये शेअरचा भाव होता साडेचार हजारांच्या आसपास. माणूस बरोबर, कंपनी बरोबर, अंदाजही बरोबर, तरी गाठीला तोटा.

ज्यांना गुणाकार आवडतो त्यांच्यासाठी एक छोटं गणित. कुठल्याही चालत्या धंद्यात निदान दहा गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. जागा, माल, भाव, माणसं, रोख, वेळ, गिऱ्हाईक आणि असंच आणखी काही. यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही नव्वद टक्के हुबेहूब उचललीत असं माना. नव्वद टक्के म्हणजे परीक्षेत पेढे वाटावेत असे गुण. पण या गोष्टी एकमेकींवर उभ्या असतात, म्हणून त्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ०.९ दहा वेळा गुणलं की उरतात ३५ टक्क्यांना जरा कमीच, म्हणजे काठावर नापास! गोष्टी वीस असतील तर १२.

मूळ मालकालाही यातून सूट नाही. डीमार्टने ‘डीमार्ट रेडी’ या नावाने ऑनलाइन किराणा सुरू केला. पैसा तोच, पुरवठादार तेच, नावही तेच. तरीही २०२३-२४ मध्ये तो व्यवसाय तोट्यातच होता. ज्या वॉलमार्टचे गोडवे जगभरचे दुकानदार गातात, ती १९९७ साली जर्मनीत गेली आणि २००६ साली आपली ८५ दुकानं प्रतिस्पर्ध्याला विकून परतली. आणि त्या वॉलमार्टचे सॅम वॉल्टन स्वतः कबूल करत असत की आपण सोल प्राइस या व्यापाऱ्याच्या कितीतरी कल्पना उचलल्या. उचलेगिरीत कमीपणा नाहीच. वॉल्टननी बड्या शहरांतली कल्पना उचलली आणि ती आर्कान्साच्या छोट्या गावांत नेली, जिथे मोठे दुकानदार फिरकत नव्हते.

म्हणून नेरुळच्या त्या दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाचं पुढे काय झालं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दामोदर मॉल यांनी डीमार्ट उभं राहताना जवळून पाहिलं होतं. तिथलं सगळं ज्याला ठाऊक, असा दुसरा माणूस शोधूनही सापडला नसता. ते पुढे बियाणींच्या फ्यूचर ग्रुपमध्ये गेले आणि मग रिलायन्स रिटेलच्या किराणा व्यवसायाचे प्रमुख झाले. रिलायन्सचा अवाढव्य कॉर्पोरेट पार्क घणसोलीला आहे, नेरुळहून लोकलने काही स्थानकांवर. रिलायन्सकडे पैशाची ददात नव्हती. डीमार्ट जसंच्या तसं दहापट करायचं म्हटलं असतं तर अडवणारं कुणी नव्हतं. पण मार्च २०२४ अखेर रिलायन्स रिटेलचे आकडे पाहा. किराणा, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स मिळून १८,८३६ दुकानं, ७.९१ कोटी चौरस फूट. सरासरी काढली तर दुकानाला ४,२०० फूट. डीमार्टचं सरासरी दुकान ४१,५०० फुटांचं. एकाच गल्ल्यामागे उभं राहून शिकलेली ही दोन माणसं, आणि एकाच्या घरचं सरासरी दुकान दुसऱ्याच्या दुकानाच्या जवळजवळ एक दशांश.