ग्वांचे लोक कोठून आले?

आफ्रिकेच्या नकाशात वायव्य किनाऱ्याजवळ कॅनरी बेटे शोधा. त्यांतील सर्वांत जवळचे बेट किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. १४९६ मध्ये स्पॅनिश सैन्याने यांपैकी टेनेरिफ बेट जिंकले. तेथील मूळ रहिवासी म्हणजे ग्वांचे. ते शेळ्यामेंढ्या पाळीत, जव पिकवीत आणि काही मृतांचे देह वाळवून, कातड्यात गुंडाळून गुहांत ठेवीत. हे लोक मूळचे कोठले?

एकोणिसाव्या शतकात रने व्हेर्नो या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने त्यांच्या कवट्या मोजल्या. १८६८ मध्ये फ्रान्समधील क्रो-मॅग्नन येथे अश्मयुगीन मानवाचे अवशेष सापडले होते. व्हेर्नोला दोन्हींत साम्य दिसले. झाले! ग्वांचे हे प्राचीन युरोपीय मानवाचे वंशज ठरले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे, एकाच समाजातही कवट्यांची ठेवण निरनिराळी असते. नुसत्या साम्यावरून नाते सिद्ध होत नाही. दुसरी म्हणजे, फ्रान्सने १८३० पासून अल्जीरिया जिंकण्यास सुरुवात केली होती. तेथील मूळ लोकांना युरोपीयांचे भाऊबंद ठरविणारे सिद्धांत सत्ताधाऱ्यांना सोयीचे होते.

मग खरा पुरावा कोणता? प्रथम भाषा पाहू. ग्वांचे भाषेत डुकराला 'इल्फे' म्हणत. उत्तर आफ्रिकेतील अमाझिग, म्हणजेच बर्बर, बोलींत 'इलेफ' म्हणजे रानडुक्कर. दुसरा पुरावा दगडांचा. १८७३ मध्ये शेजारच्या एल हिएरो बेटावर खडकांवर कोरलेली अक्षरे उजेडात आली. ती उत्तर आफ्रिकेतील प्राचीन लिबिको-बर्बर लिपीशी जुळतात. तिसरा पुरावा आनुवंशिकतेचा. २०१७ मध्ये जुन्या हाडांतील डीएनए तपासला गेला. त्याचे सर्वांत जवळचे नाते उत्तर आफ्रिकेतील लोकांशी निघाले. रेडिओकार्बन कालमापनानुसार ही वस्ती इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली आहे.

शब्द, अक्षरे आणि डीएनए हे तीन स्वतंत्र साक्षीदार एकच उत्तर देतात : ग्वांचे मूळचे अमाझिग होते. एकाच मोजमापावर उभारलेल्या तर्कापेक्षा अशा जुळणाऱ्या साक्षींचे वजन अधिक असते.

ग्वांचे समूळ नष्ट झाले, असे पूर्वी अनेकदा लिहिले जाई. तेही खरे नाही. युद्ध, गुलामगिरी आणि रोगराई यांनी त्यांचा समाज मोडला, भाषाही लोपली. परंतु त्याच २०१७ च्या संशोधनानुसार, ग्रान कनारिया बेटावरील आजच्या रहिवाशांत मूळ बेटवासीयांचा आनुवंशिक वारसा सुमारे १६ ते ३१ टक्के आहे. पुस्तकांनी ज्यांना संपविले, ते आपल्या वंशजांत आजही आहेत.