आधी गेटवर थांबा, मग आत!

समजा, तुमच्या कॉलेज ग्रुपने पालघर, बोईसर, तारापूरच्या रक्तदात्यांची यादी केलीय. फॉर्म फिरला, नावं आली, सगळे खूश. एका रात्री फोन येतो, ‘बोईसरमध्ये ओ निगेटिव्ह कोणी आहे का?’ तुम्ही शोधता. एकही नाव नाही! खरं तर यादीत असे दोघे आहेत. पण एकाने गाव ‘बोइसर’ लिहिलंय आणि दुसऱ्याने गावापुढे चुकून स्पेस मारलीय. माणसं आहेत, कॉम्प्युटरला दिसत नाहीत.

यावर नेहमीचा जुगाड म्हणजे शोधताना साफसफाई करायची. मग यादी छापताना पुन्हा, मेसेज पाठवताना पुन्हा. एका जागी विसरलात की झोल झालाच.

आता तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याचं गेट आठवा. ट्रक आधी काट्यावर जातो, कागद तपासले जातात, मगच माल आत. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये हे काम ‘सेटर’ करतो. रक्तदाता हा ऑब्जेक्ट. गाव, जिल्हा, रक्तगट ही त्याची अ‍ॅट्रिब्यूट्स. व्हॅल्यू देताक्षणी सेटर चालतो, जादा स्पेस काढतो, ‘बोइसर’चं ‘बोईसर’ करतो आणि मग साठवतो.

जावामध्ये यासाठी वेगळी मेथड लिहितात. पायथॉनमध्ये २००१ च्या २.२ आवृत्तीपासून ‘प्रॉपर्टी’ आहे. बाहेरून नेहमीसारखं बरोबरचं चिन्ह टाकून व्हॅल्यू द्यायची, तपासणी आतल्या आत होते. त्यामुळे ती वापरणारा जुना कोड बदलावा लागत नाही. फक्त एक सांभाळा. सेटरच्या आत पुन्हा त्याच नावाला व्हॅल्यू दिलीत, तर तो स्वतःलाच बोलावत राहतो आणि शेवटी ‘रिकर्शन एरर’ येतो. म्हणून आत साठवताना नावाआधी अंडरस्कोअर लावतात.

पण सेटरने काय काय दुरुस्त करायचं? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. तालुका पालघर असूनही कोणी जिल्हा ‘ठाणे’ लिहिला, तर खुशाल बदला. ‘ओ’ऐवजी शून्य टाइप झालं, तरी अर्थ कळतो. पण कोणी रक्तगट नुसताच ‘ओ’ लिहिला तर? पॉझिटिव्हवाले जास्त असतात म्हणून पॉझिटिव्ह धरायचं? अजिबात नाही! रक्तपेढी तपासणी करेलच, पण चुकीच्या माणसाला रात्री धावत बोलावण्यात पेशंटचा वेळ जाईल. इथे सेटरने सरळ एरर द्यावा आणि त्या दात्याला पुन्हा विचारावं.

म्हणजे अर्थ तोच राहत असेल तर दुरुस्त करा, अंदाज बांधावा लागत असेल तर थांबवा. आणि हो, आधीची यादीही एकदा याच गेटमधून आत घ्या. ते दोघे तिथेच अडकलेत.