टायर कोण खातं?

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ बहुतांशी सरळ आहे. तिथं स्पोर्ट्स कारची अलाइनमेंट शर्यतीच्या ट्रॅकसारखी ठेवणं मला पटत नाही. चाकाचा माथा आत झुकवला, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, की वळणावर गाडी कलताना बाहेरच्या बाजूचं टायर रस्ता घट्ट धरतं. सरळ धावताना मात्र आतली कड झिजते.

पण टायरचा मोठा शत्रू टो. चाकांची तोंडं आत किंवा बाहेर जास्त वळलेली असली, तर टायर सतत आडवं घासत जातं. तळहात आडवा फिरवून पाहा: एका दिशेनं गुळगुळीत, उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. रोजच्या गाडीला कॅम्बर उणे एक अंशाच्या आसपास, टो जवळजवळ शून्य ठेवा. आणि चाक खड्ड्यात जोरात आदळलं, तर पुन्हा मोजून घ्या.