विश्लेषण : मुख्य डेटाबेस कोसळला तर ‘स्टँडबाय’ ताबा कसा घेतो? नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये नेमके काय चालते?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. कळवा-पडघा मार्गावरील ४०० केव्हीच्या दोन वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती आणि भार वाहणाऱ्या दुसऱ्या वाहिनीत बिघाड झाला. लोकल रुळांवरच थांबल्या. करोनाकाळात घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप आणि वाय-फाय बंद पडले. शेअर बाजार मात्र सुरू होता. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोघांनीही त्या दिवशी आपले कामकाज सुरळीत असल्याचे सांगितले.

अशा दिवशी पैशांचे व्यवहार सुरू राहतात, त्यामागे नवी मुंबईचा मोठा वाटा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात पूर्वी कारखान्यांची धुराडी दिसायची. आज तिथे खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. ही डेटा सेंटर. पनवेलजवळही २०२० मध्ये असेच एक मोठे केंद्र सुरू झाले. स्टेट बँकेचे ग्लोबल आयटी सेंटर सीबीडी बेलापूरला आहे. वीज गेली की या इमारतींत आधी बॅटरी आणि पाठोपाठ डिझेल जनरेटर भार उचलतात. ते काम तुलनेने सोपे आहे, कारण जनरेटरची वीज आणि महावितरणची वीज यांत बँकेच्या सर्व्हरला फरक कळत नाही.

डेटाबेसचे तसे नसते. तुमच्या खात्यात १२,४५० रुपये आहेत, ही नोंद जिथे आहे तो सर्व्हरच बंद पडला, तर त्याच्या जागी येणाऱ्या सर्व्हरलाही १२,४५० हाच आकडा माहीत असायला हवा. शेवटच्या सेकंदाला तुम्ही रिक्षावाल्याला क्यूआर कोडवर ६० रुपये दिले असतील, तर तेही.

स्टँडबाय म्हणजे नेमके काय?

मुख्य डेटाबेसला ‘प्रायमरी’ म्हणतात. प्रत्येक बदल तो आधी एका लॉगमध्ये लिहितो. दुकानदार दिवसभराचे व्यवहार आधी रोजमेळात उतरवतो आणि मग खातेवहीत मांडतो, तसेच हे. ओरॅकल या लॉगला ‘रीडू’ म्हणते, पोस्टग्रेसक्यूएल ‘वॉल’ म्हणते. हा लॉग जसाच्या तसा दुसऱ्या सर्व्हरला पाठवला जातो. तो सर्व्हर नोंदी वाचून आपली प्रत अद्ययावत करत राहतो. हा झाला ‘स्टँडबाय’. प्रायमरी गेला की स्टँडबायने त्याची जागा घेणे, याला ‘फेलओव्हर’ म्हणतात. माणसाच्या आदेशाची वाट न पाहता ते झाले, तर ‘ऑटोमॅटिक फेलओव्हर’.

इथे बॅकअप आणि स्टँडबाय यांची गल्लत होते आणि ती महागात पडते. कुणी चुकून एखादा तक्ता पुसला, तर पुसण्याचा तो आदेशही लॉगमधून स्टँडबायकडे जातो आणि क्षणात तिथलाही तक्ता नाहीसा होतो. स्टँडबाय यंत्राच्या मरणापासून वाचवतो, माणसाच्या चुकीपासून वाचवत नाही.

अंतराचा प्रश्न

लॉग पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली ‘सिंक्रोनस’. स्टँडबायने ‘नोंद मिळाली’ असे कळवल्याशिवाय प्रायमरी ग्राहकाला ‘व्यवहार पूर्ण’ असे सांगतच नाही. यात डेटा हरवत नाही, पण प्रत्येक व्यवहार उत्तरासाठी थांबतो. दुसरी ‘असिंक्रोनस’. प्रायमरी थांबत नाही, लॉग मागाहून जात राहतो. वेग चांगला, पण अपघात झाला तर वाटेतल्या नोंदी गमावण्याची शक्यता.

कोणती निवडायची, हे बरेचसे प्रकाशाच्या वेगावर ठरते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटरहून थोडे जास्त. म्हणजे निरोप जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद आणि प्रत्यक्ष केबलचा मार्ग वळणावळणाचा असल्याने त्याहून जास्त. आपल्याला हे काहीच वाटत नाही, पण सेकंदाला हजारो ऑर्डर घेणाऱ्या यंत्रणेला ते परवडत नाही. उलट वांद्रे-कुर्ला संकुल ते महापे हे अंतर एका मिलिसेकंदाच्या आत पार होते.

म्हणून मोठ्या संस्था दोन्ही करतात. एक प्रत जवळच्या केंद्रात सिंक्रोनस आणि एक दूरच्या शहरात असिंक्रोनस. सेबीचा नियमही तसाच आहे. शेअर बाजारांना शून्य डेटा हानीसाठी जवळचे केंद्र लागते आणि आपत्कालीन केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर दूर लागते. राष्ट्रीय शेअर बाजाराचे आपत्कालीन केंद्र चेन्नईला आहे ते यामुळेच.

मग २४ फेब्रुवारी २०२१ ला काय बिनसले?

त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी निर्देशांकांचे आकडे हलायचे थांबले. ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवावे लागले आणि ते सुरू झाले थेट दुपारी पावणेचारला. बाजार पाचपर्यंत चालवला गेला. दरम्यान, राष्ट्रीय बाजार आता उघडणार नाही असे गृहीत धरून अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे मुंबई शेअर बाजारात मिळेल त्या भावाला मिटवून टाकले. तासाभरात बाजार पुन्हा उघडला, पण ज्यांचे सौदे तोट्यात मिटले होते त्यांच्यासाठी उशीर झाला होता.

बाजाराने नंतर दिलेले स्पष्टीकरण प्रत्येक तंत्रज्ञाने वाचावे असे आहे. मुख्य आणि जवळच्या केंद्रादरम्यान दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. म्हणजे कागदावर सगळे दुहेरी. पण रस्त्यालगतच्या खोदकाम आणि बांधकामामुळे दोन्ही कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्या. त्यात साठवणूक यंत्रणा, म्हणजे सॅन, अपेक्षेपेक्षा वेगळी वागली. दूरची प्रत दिसत नाही म्हणून एकट्याने काम सुरू ठेवण्याऐवजी मुख्य केंद्रातले सॅनच सर्व्हरना दिसेनासे झाले. सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत होती, पण जोखीम मोजणारी यंत्रणा आंधळी झाली आणि तिच्याविना बाजार चालवता येत नाही. सुरक्षेसाठी जोडलेल्या दुसऱ्या प्रतीनेच मुख्य प्रतीला अडकवले, असा हा प्रकार.

चेन्नईला कामकाज का हलवले नाही, याचे उत्तर सेबीने त्याच दिवशी मागितले. महिन्याभरात, २२ मार्च २०२१ रोजी, नवे परिपत्रक आले : महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करा, त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करा. हे प्रकरण बाजार आणि त्याच्या क्लिअरिंग कंपनीने २०२३ मध्ये ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून तडजोडीने मिटवले.

या परिपत्रकातला खरा मुद्दा ४५ मिनिटांचा नसून आधीच्या ३० मिनिटांचा आहे. स्टँडबाय तयार असतोच. ‘आता हलायचे’ हा निर्णय घेताना माणसे अडखळतात. पाच मिनिटांत दुरुस्त होईल, ही आशा तासभर टिकते.

निर्णय यंत्रावर सोपवला तर?

तोच ऑटोमॅटिक फेलओव्हरचा हेतू. पण प्रायमरी खरोखर मेला आहे की फक्त आपल्याला दिसत नाही, हे स्टँडबायला एकट्याने कळू शकत नाही. फोन लागत नाही म्हणजे समोरचा माणूस गेला असे होत नाही, रेंजही गेलेली असू शकते. अशा वेळी स्टँडबायने घाईने ताबा घेतला आणि प्रायमरीही जिवंत असला, तर दोन्हीकडे नोंदी होऊ लागतात. एकाच खात्याची दोन वेगवेगळी सत्ये तयार होतात. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात आणि डेटाबेस सांभाळणाऱ्यांची झोप उडवणारा हाच शब्द आहे.

उपाय म्हणजे तिसरा साक्षीदार. ओरॅकलच्या डेटा गार्डमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम दोघांवर लक्ष ठेवतो. प्रायमरी ठरावीक काळ, मूळ सेटिंगनुसार ३० सेकंद, ऑब्झर्व्हरला आणि स्टँडबायलाही दिसला नाही, तरच फेलओव्हर होते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये स्वतःचे स्वयंचलित फेलओव्हर नाही. तिथे बहुतेक जण ‘पॅट्रोनी’ वापरतात. त्यात ‘ईटीसीडी’सारख्या यंत्रणेचे तीन किंवा पाच सर्व्हर बहुमताने नेता ठरवतात. नेत्याला दर काही सेकंदांनी आपले पद नूतनीकृत करावे लागते आणि मूळ सेटिंगमध्ये त्याची मुदतही ३० सेकंदच आहे. बहुमताशी संपर्क तुटलेला जुना नेता स्वतःहून पायउतार होतो. ही शेवटची अट सर्वात महत्त्वाची. नवा राजा बसवण्याआधी जुन्याच्या हातून शिक्का काढून घेतलाच पाहिजे.

साक्षीदार कुठे ठेवायचा? प्रायमरी महापेला, स्टँडबाय चेन्नईला आणि ऑब्झर्व्हर महापेच्याच रॅकमध्ये, अशी मांडणी निरुपयोगी ठरते. महापे गेले की साक्षीदारही जातो आणि स्टँडबाय निर्णयाची वाट पाहत बसतो. तो तिसऱ्या ठिकाणी हवा, आणि तिथली केबल वेगळ्या रस्त्याने येणारी हवी.

एवढे करूनही फसगत होते. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क देखभालीच्या कामात फक्त ४३ सेकंद तुटला. यंत्रणेने चोख नियमानुसार बहुमत घेतले आणि पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य केले. पण पूर्वेकडे काही नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेकडे पोहोचल्या नव्हत्या. दोन्ही बाजू जुळवून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंद गप्प बसले असते तर? म्हणूनच अनेक बँका आणि बाजार जवळच्या केंद्रापर्यंतचे फेलओव्हर यंत्रावर सोडतात, पण शहर बदलायचे बटण माणसाच्या हाती ठेवतात. हे धोरण जुनाट वाटते, पण शहाणपणाचे आहे.

ऐन वेळी स्टँडबाय उभा का राहत नाही?

कारणे बहुधा क्षुल्लक असतात. सर्वात जास्त आढळणारे म्हणजे मागे पडलेला स्टँडबाय. लॉग पोहोचतो, पण लावला जात नाही आणि कुणी तो आकडा पाहत नसते. पॅट्रोनीमध्ये मर्यादेपेक्षा मागे असलेल्या प्रतीला नेता होता येत नाही, त्यामुळे फेलओव्हर होतच नाही. हा बिघाड नाही, संरक्षण आहे. मर्यादा वाढवून प्रश्न ‘सोडवणे’ म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फेकून देणे.

याच्या उलटही होते. स्टँडबाय बंद पडला की पोस्टग्रेसचा ‘रेप्लिकेशन स्लॉट’ त्याच्यासाठी लॉग साठवत राहतो. मर्यादा घातलेली नसेल तर प्रायमरीची डिस्क भरते आणि चालू यंत्रणा बसते. ओरॅकलमध्ये घाईघाईने ‘नोलॉगिंग’ने डेटा भरला, तर तो भाग लॉगमध्येच नसतो. स्टँडबाय वरून निरोगी दिसतो आणि मुख्य झाल्यावर तेवढे ब्लॉक खराब निघतात. म्हणून स्टँडबाय असेल तिथे ‘फोर्स लॉगिंग’ चालू ठेवतात. मुदत संपलेले सर्टिफिकेट, एकाच बाजूला बदललेला पासवर्ड, दुसऱ्या केंद्रात न उघडलेला फायरवॉल पोर्ट ही कारणे तर नेहमीचीच.

कधी डेटाबेस तीस सेकंदांत हलतो, पण अ‍ॅप हलत नाही. अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर उघडलेली जोडणी धरून उत्तराची वाट पाहते. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार अशी मृत जोडणी सोडायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागू शकतात. ग्राहकाच्या स्क्रीनवर तोवर गोल चक्र फिरत राहते. त्यामुळे जोडणीची मुदत कमी ठेवणे आणि अ‍ॅपला दोन्ही पत्ते देणे, हे डेटाबेसइतकेच महत्त्वाचे काम.

जुना प्रायमरी परत जोडतानाही काळजी लागते. त्याच्याकडे जास्तीच्या नोंदी असू शकतात. ओरॅकलमध्ये ‘फ्लॅशबॅक’ आणि पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी रिवाइंड’ त्याला फाटा फुटला त्या बिंदूपर्यंत मागे नेतात. दोन्हींची तयारी आधी करून ठेवावी लागते. रात्री दमलेल्या अवस्थेत ही कामे हाताने करण्याचा धोका ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबने जगाला दाखवला. मागे पडलेला स्टँडबाय दुरुस्त करताना अभियंत्याने समजुतीच्या घोटाळ्यात प्रायमरीचीच डेटा फोल्डर पुसली. नेहमीचे बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हते आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत कामी आली. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. कंपनीने हे सगळे लपवले नाही, दुरुस्तीचे थेट प्रक्षेपण केले.

सराव कसा होतो?

२ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजार उघडे होते, ते अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी पहिले सत्र मुख्य केंद्रातून आणि दुसरे आपत्कालीन केंद्रातून चालवले गेले, खऱ्या पैशांवर. त्याआधी १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत बंद ठेवून आपत्तीतून सावरण्याचा वेळ कमी करणारी सुधारणा केली होती.

ग्राहकाचे पैसे मध्येच अडकले तर?

एखादा सर्व्हर बदलला जात असताना यूपीआय व्यवहार अर्धवट राहू शकतो. खात्यातून पैसे गेले, समोरच्याला मिळाले नाहीत. लगेच पुन्हा पैसे पाठवू नयेत, पहिला व्यवहार उशिरा पूर्ण होण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची असते. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवावा.