पंखा फिरत नाही म्हणजे बिघडलाच का?

डिझेल ट्रकचा रेडिएटरमागचा पंखा सतत पूर्ण वेगाने फिरलाच पाहिजे, असा समज सर्वत्र आहे. मुळात तो गरजेपुरताच जोर धरतो. अनेक ट्रकांत त्याला व्हिस्कस क्लच (सिलिकॉन तेलाच्या चिकटपणावर पकड घेणारी जोडणी) असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पकड घट्ट होते. म्हणून खंबाटकी घाट चढताना पंखा घोंघावतो आणि सपाटीवर शांत होतो. हे निरोगीपणाचे लक्षण आहे. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवावा. काहीच अडथळा न जाणवता तो गरगरला, तर क्लच गेला असे धरायला हरकत नाही.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो: काटा खाली आहे, म्हणजे इंजिन थंड आहे. तापमान सेन्सरमध्ये थर्मिस्टर (तापताच विद्युतरोध कमी होणारा घटक) असतो आणि तो कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. काखेत नीट न धरलेला थर्मामीटर ताप कमी दाखवतो, तसेच कूलंट गळून गेल्यावर सेन्सरचे होते. इंजिन जळत असतानाही काटा खाली राहू शकतो. त्यामुळे आधी कूलंटची पातळी पाहावी, पण इंजिन निवल्यावरच. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्यांत सेन्सरची वायर तुटली, तर पंखा बहुधा पूर्ण वेगाने चालूच राहतो. तिथे पंखा बदलण्याआधी कनेक्टर तपासावा.